मांजर किती पिढ्यांत माणसाळतं?

लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक तपकिरी पट्टेरी मांजर होतं. एका बाजूने बंगालमधल्या रानमांजराचा वंश, दुसऱ्या बाजूने साध्या घरच्या मांजरीचा. १८८९ साली हॅरिसन वीअर यांनी आपल्या पुस्तकात त्याची नोंद केली. हे तेच वीअर, ज्यांनी १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि मांजरांचंही सौंदर्य गुण देऊन मोजता येतं हे इंग्रजांच्या गळी उतरवलं. या संकरित मांजराबद्दल त्यांचं मत थोडक्यात असं होतं: आहे देखणं, पण फार रानटी.

गेले चार महिने आमच्या घरात जो वाद चालू आहे तो या मतापलीकडे फारसा सरकलेला नाही. नवऱ्याला आणि आठ वर्षांच्या मुलाला सव्हाना जातीचं पिल्लू हवं आहे, आणि तेही जेवढं मोठं मिळेल तेवढं. सासूबाई आमच्याजवळ राहतात. वय ७९, हातात काठी आणि रोज रक्त पातळ ठेवण्याची गोळी. त्यांना मांजर आवडतं, मांडीवर बसणारं. पण एक खोल ओरखडा त्यांच्या बाबतीत ओरखड्यावर थांबत नाही. तेव्हा जाहिरातींतले फोटो बाजूला ठेवून मी या मांजरांचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात बेंगॉलपासून करायला हवी. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत ऑसेलॉटसारखी रानमांजरं घरात पाळायची हौस होती. चित्रकार दालीचं ऑसेलॉट तर त्याच्याइतकंच प्रसिद्ध. त्याच काळात जीन मिल या बाईंनी आशियातली वाघाटी पाळली आणि १९६३च्या सुमारास तिचा घरच्या बोक्याशी संकर झाला. (वाघाटी म्हणजे इंग्रजीतली लेपर्ड कॅट. आपल्याकडे हेच नाव उसाच्या फडात सापडणाऱ्या आणखी लहान ठिपकेवाल्या मांजरालाही देतात.) पुढे अनेक वर्षं ते काम थांबलं. १९७०च्या दशकात विलर्ड सेंटरवॉल हे कॅलिफोर्नियातले संशोधक मांजरांमधल्या ल्युकेमियाच्या विषाणूवर काम करत होते. वाघाटीला तो होत नसावा, असा अंदाज होता. त्यासाठी त्यांनी संकरित पिल्लं जन्माला घातली आणि रक्ताचे नमुने घेऊन झाल्यावर त्यांना घरं शोधली. १९८० मध्ये त्यांतल्या काही माद्या मिल यांच्याकडे आल्या. बिबट्यासारखं मांजर घरात असेल तर बिबट्याच्या कातड्याचे कोट घालायला माणसाला लाज वाटेल, अशी त्यांची धारणा होती.

या माद्यांना जोडीला बोका कुठला आणायचा? त्याचं उत्तर दिल्लीत सापडलं. १९८२ साली मिल दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेल्या, तेव्हा गेंड्याच्या आवारात वावरणारं एक सोनेरी, ठिपकेदार भटकं मांजर त्यांना दाखवण्यात आलं. 'मिलवुड टोरी ऑफ डेल्ही' या नावाने ते अमेरिकेला गेलं. बेंगॉलच्या केसांवर जी झळाळी असते, जिच्यासाठी लोक जादा पैसे मोजतात, ती बरीचशी या दिल्लीच्या भटक्याची देणगी. रानटी पूर्वजाचं कौतुक होतं, गल्लीतल्या पूर्वजाचं फारसं होत नाही!

बेंगॉलचा प्रश्न तुलनेने सोपा होता. वाघाटी असते घरच्या मांजराएवढीच, कधी त्याहून लहान. लोकांना हवे होते ठिपके, आकार नव्हे. त्यामुळे दर पिढीत घरच्या रक्ताची भर घालत, फिस्कारणारी पिल्लं बाजूला काढत गेलं तरी हवी ती गोष्ट हातची जात नव्हती. अंगावरचं रान ठेवलं, स्वभावातलं काढून टाकलं. प्रदर्शनात उतरणारं बेंगॉल रानटी पूर्वजापासून किमान चौथ्या पिढीतलं असावं लागतं, ते याचसाठी.

सव्हानाची गोष्ट नेमकी इथे अडते. ७ एप्रिल १९८६ रोजी पेनसिल्व्हेनियात जूडी फ्रँक यांच्याकडे सर्व्हल नर आणि सयामी मांजरी यांचं एक मादी पिल्लू जन्मलं. त्याचं नाव सव्हाना, आणि पुढे जातीचंही तेच. पॅट्रिक केली आणि जॉइस स्रूफ यांनी १९९६ मध्ये जातीची मानकं मांडली. २००१ मध्ये 'टिका' या संस्थेने नोंदणी सुरू केली, तरी अजिंक्यपदाच्या स्पर्धेत या जातीला जागा मिळायला २०१२ उजाडलं.

सर्व्हल हा आफ्रिकेतल्या उंच गवतात एकट्याने शिकार करणारा, लांब पायांचा प्राणी. वजन ९ ते १८ किलो. उभ्या जागेवरून झेप घेऊन उडता पक्षी पकडतो आणि मूत्र फवारून आपली हद्द आखतो. सव्हाना घेणाऱ्याला यातली उंची हवी असते, बाकीचं नको असतं. पण इथे उंची रानटी वाट्याबरोबरच येते. एफ-१ मध्ये तो निम्मा, पुढे प्रत्येक वेळी घरच्या मांजराशी संकर केला तर एफ-२ मध्ये सरासरी पाव, एफ-३ मध्ये अष्टमांश. सुरुवातीच्या पिढ्यांतला बोका दहा किलोंच्या आसपास जाऊ शकतो. पाचव्या पिढीत तो बहुधा घरच्या दांडग्या बोक्याएवढा उरतो. बाजारभाव याच क्रमाने उतरतो. म्हणजे ब्रीडर जो आकडा आकाराचा म्हणून सांगतो, तोच बव्हंशी स्वभावाचाही असतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. पहिल्या चारेक पिढ्यांतले नर बहुतेक वांझ असतात. संकरात एक लिंग वांझ निघालं तर ते वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं असतं, हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. असो. वंश पुढे न्यायला फक्त माद्या उपयोगी, त्यामुळे सर्वांत मोठे बोके विकायलाच ठेवलेले असतात. ते घराघरांत जातात, वयात आले की सोफ्यावर फवारे मारतात, आणि त्यांतले काही प्राण्यांच्या आश्रयस्थानांत पोचतात. न्यू यॉर्क राज्यात पाचव्या पिढीच्या आतली सव्हाना पाळता येत नाही. ऑस्ट्रेलियाने तर २००८ मध्ये ती देशात येऊच दिली नाही. तिथे चिंता सोफ्याची नव्हती, स्थानिक वन्यजीवांची होती.

मी नवऱ्याला म्हटलं, नुसता आकार हवा असेल तर मेन कून घे, रानाचा थेंबही नाही आणि वजन तेवढंच. तो म्हणाला, "त्यात मजा नाही." त्याला आकार नको होता, आकारातलं रान हवं होतं. हे एकदा बोलून झाल्यावर वाद बराच सोपा झाला.

आकडाही सगळं सांगत नाही. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांच्या हातांत किती वावरलं यावर पुढचं बरंच ठरतं. म्हणून ब्रीडरकडे गेलो तेव्हा मी पिढीनंतर लगेच विचारलं, पिल्लं कुठल्या खोलीत वाढली? एफ-५ची पिल्लं स्वयंपाकघरात वाढली होती, मिक्सरच्या आवाजात. त्यांतली एक मादी सासूबाईंच्या काठीचं टोक हुंगून तिथेच झोपली. ती आम्ही ठरवली. मागच्या पिंजऱ्यात एफ-२चा बोका होता, पाच महिन्यांचा, उंच कानांचा, खरोखर देखणा. मुलाने बोट पुढे केलं तसा तो कोपऱ्यात सरकला आणि फिस्कारला. त्याची किंमत आमच्या पिल्लाच्या चौपट होती. त्याच्यासाठी तीन जण रांगेत आहेत, असं ब्रीडर म्हणाली.