कुत्र्याचा धनी कोण?

मुंबईच्या कोटांत, म्हणजे आज ज्याला फोर्ट म्हणतात त्या भागांत, ता. ६ जून १८३२ रोजीं पोलिसांचे दोन युरोपियन शिपाई रस्त्यांतील कुत्रे मारीत फिरत होते. काम नवें नव्हतें. बेवारशी कुत्र्यांनीं शहर भरून जातें, उन्हाळ्यांत त्यांतले कांहीं पिसाळतात, म्हणून उष्म्याच्या महिन्यांत त्यांना मारावें, असा नियम १८१३ सालापासून चालत आला होता. त्या वर्षीं मात्र मॅजिस्ट्रेटांनीं मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढविली. शिवाय दर कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसाचा हात रस्त्यापुरता राहत नाहीं. अंगणांतला आणि ओट्यावरचा कुत्राही त्यांत सांपडूं लागला. त्यांतून तो दिवस पारशांच्या सणाचा. शिपाई घरांच्या दारांशीं येऊन कुत्रे मारूं लागतांच सुमारें दोनशें लोकांचा जमाव त्यांच्यावर धांवून गेला आणि त्यांना बेदम मार बसला.

दुसऱ्या दिवशीं प्रकरण हातघाईवर आलें. पारशांनीं दुकानें बंद केलीं. हिंदु आणि जैन व्यापारीही त्यांना मिळाले. कुलाब्याच्या छावणींत जाणारी रसद अडली. अखेर दंग्याचा कायदा वाचून दाखवून लष्कर बोलाविण्यांत आलें, जमाव पांगविला गेला आणि पुढारपण करणाऱ्यांची धरपकड झाली. मुंबईच्या इतिहासांत हा प्रसंग ‘कुत्र्यांचा दंगा’ या नांवानें ओळखला जातो. नांव ऐकून हसूं येतें. पण दंगा करणारे कोण होते हें ध्यानीं घेतलें म्हणजे हसूं ओसरतें. गोदींत जहाजें बांधणारे वाडिया पारशी, युरोपियन पेढ्यांचे दलाल पारशी, सैन्याला माल पुरविणारे ठेकेदारही पारशी. कंपनी सरकारशीं ज्यांचें हित पिढ्यान्‌पिढ्या गुंतलेलें, असा हा शांत आणि सधन समाज रस्त्यावर उतरला तो करासाठीं नव्हे, व्यापारासाठीं नव्हे, तर कुत्र्यांसाठीं.

त्याचें कारण त्यांच्या धर्मांत आहे. ‘वेंदिदाद’ या पारशी धर्मग्रंथांत कुत्र्याविषयीं स्वतंत्र प्रकरण असून, त्याला वाईट अन्न घालणाराला आणि त्याला मारणाराला कोणतें शासन करावें हें त्यांत बारकाईनें सांगितलें आहे. मनुष्य मृत झाल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पडावी लागते. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात, आणि डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठीं विशेष योग्य समजला जातो. जुन्या वळणाच्या पारशी घरांत जेवणाच्या वेळीं कुत्र्याचा घास निराळा काढून ठेवीत.

हा घास मराठी घरालाही अपरिचित नाहीं. वैश्वदेव करणाऱ्या घरांत काकबलीबरोबर श्वानबलिही निघत असे. गृहस्थानें कुत्र्यांसाठीं अन्न भुईवर हलकेंच ठेवावें, असें मनुस्मृतींतही सांगितलेलें आहे. मात्र ज्या शास्त्रानें हा घास लावून दिला, त्याच शास्त्रानें कुत्र्याचा स्पर्श विटाळाचा ठरविला! यांत वरवर विसंगति दिसते. पण व्यवहार सरळ होता. कुत्र्याला अन्न द्यावयाचें, तें उंबऱ्याबाहेर. दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रे असतात, खंडोबाच्या आणि भैरवाच्या बरोबरही कुत्रा असतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलानें ऐकलेली असते. धर्मराजाचा कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत गेला खरा. परंतु तो धर्मराजाच्या स्वयंपाकघरांत शिरल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं.

एका धन्याचा, नांवाचा कुत्रा आपल्याकडे नव्हताच असें नाहीं. धनगराचा कुत्रा हा धनगराचाच. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्यानें वाघापासून त्यांचा जीव वांचविला अशी आख्यायिका असून संगम माहुलीस त्याची समाधि दाखवितात. पण गांवांतला आणि शहरांतला सर्वसाधारण कुत्रा हा गल्लीचा कुत्रा. दहा घरांचे दहा तुकडे खावेत, रात्रीं दहाही घरांवर राखण ठेवावी, आणि यांपैकीं कोणत्याही एका घरानें त्याला आपला म्हणूं नये, अशी ती व्यवस्था होती. सरकारी हुकुमाला ही व्यवस्था दिसलीच नाहीं. त्याच्या लेखीं कुत्रे दोनच प्रकारचे: धनी असलेले आणि बेवारशी. गल्लीच्या कुत्र्याला धनी नव्हता, पण त्याला बेवारशी म्हणणें म्हणजे त्या दहाही घरांचें तोंडचें पाणी पळविणें होतें. १८३२ च्या दंग्याचें मूळ धर्मभावनेंत आहे हें खरें. परंतु पारशांबरोबर हिंदु आणि जैन कां उठले, याचें उत्तर एकट्या वेंदिदादांत मिळणार नाहीं. तें उंबऱ्याबाहेरच्या घासांत आहे.

मॅजिस्ट्रेटांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. हे लोक केवळ क्रूर होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर जलसंत्रास सुरू झाला कीं मरण ठरलेलें, आणि तेंही असें मरण कीं पाहणाराला जन्मभर विसर पडूं नये. पाण्याचा पेला ओठांशीं नेतांच घसा आवळतो, वाऱ्याच्या झुळकीनेंही अंगाला झटके येतात, आणि रोग्याची शुद्ध मात्र पुष्कळ वेळ कायम असते. लुई पाश्चरनें जोसेफ माइस्टर या मुलाला आपली लस टोंचली ती ६ जुलै १८८५ रोजीं, म्हणजे मुंबईच्या दंग्यानंतर त्रेपन्न वर्षांनीं. हिंदुस्थानांत कसौली येथें पाश्चर संस्था निघाली ती १९०० सालीं. तोंवर डाग देणें, जखम कापणें आणि देवाची प्रार्थना करणें यापलीकडे उपाय नव्हता. ज्या भीतीला उपाय नाहीं ती भीति सोटाच हातीं घेते. पुढें इंग्लंडनें कुत्र्यांच्या तोंडाला मुसकें बांधण्याची सक्ति नेटानें अंमलांत आणून १९०२ सालीं हा रोग ब्रिटनमधून घालविला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो पुन्हां शिरला, आणि १९२२ सालीं पुन्हां नाहींसा करण्यांत आला. तेव्हां सरकारानें कुत्र्यांच्या बाबतींत मुळींच हात घालूं नये, हें म्हणणें टिकणारें नाहीं. वाद होता तो हात कसा घालावा याचा.

दंगा शमल्यावर जमशेटजी जिजीभाई आणि इतर प्रतिष्ठित मंडळींनीं सरकारकडे अर्ज केला. झालेल्या अत्याचाराबद्दल खेद दाखवून त्यांनीं आपल्या लोकांसाठीं क्षमा मागितली, आणि त्याचबरोबर कुत्र्यांचा प्रश्नही सोडला नाहीं. कुत्रे मारण्याऐवजीं त्यांना शहराबाहेर नेण्याची तडजोड यांतून निघाली. जमशेटजींना त्या वेळीं ‘सर’ ही पदवी मिळालेली नव्हती. ती १८४२ सालीं मिळाली. पण त्यांचें खरें उत्तर अर्जांत नव्हतें. तें १८ ऑक्टोबर १८३४ रोजीं दिसलें. त्या दिवशीं जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, ज्यांना मुंबई मोतीशहा शेट म्हणून ओळखते, यांनीं भुलेश्वराजवळ पांजरापोळ स्थापन केली. आज पांजरापोळ म्हटलें कीं डोळ्यांपुढें गाय येते. परंतु ही संस्था निघाली त्या वेळीं रस्त्यांत मारल्या जाणाऱ्या कुत्र्यांची चिंता तिच्या मुळाशीं होती. लंडन शहरांतील भटक्या कुत्र्यांचें प्रसिद्ध आश्रयस्थान मेरी टील्बी या बाईनें हॉलोवे येथें काढलें तें १८६० सालीं. पुढें १८७१ मध्यें तें बॅटरसी येथें गेलें. म्हणजे या बाबतींत मुंबई लंडनच्या सव्वीस वर्षें पुढें होती. ही गोष्ट लंडनकरांना फारशी ठाऊक नाहीं, मुंबईकरांनाही नाहीं.

इंग्लंडनें दुसरा मार्ग धरला होता, तो कराचा आणि परवान्याचा. १७९६ सालीं जॉन डेंट या पार्लमेंटच्या सभासदाच्या खटपटीनें कुत्र्यांवर कर बसला, आणि त्या गृहस्थाला ‘कुत्रा डेंट’ हें टोपणनांव जन्माचें चिकटलें. १८६७ सालीं कराची जागा वार्षिक परवान्यानें घेतली. त्याची फी पांच शिलिंग. १८७८ सालीं ती साडेसात शिलिंग झाली, आणि मेंढपाळाचा कुत्रा व अंधाला वाट दाखविणारा कुत्रा यांना माफी मिळाली. या माफींत शहाणपण आहे. कारण चैनीचा कुत्रा आणि पोटापाण्याचा कुत्रा हा भेद तींत ओळखलेला आहे. पुढें मात्र एक गंमत झाली. दोन महायुद्धें झालीं, साम्राज्य गेलें, नाणीं बदललीं, तरी साडेसात शिलिंगांची फी जागची हलली नाहीं. नव्या नाण्यांत तिचे साडेसदतीस पेन्स झाले. अर्धा पेनी चलनांतून गेल्यावर सदतीसच उरले. फी वसूल करण्याचा खर्च फीहून अधिक, आणि सुमारें निम्मे धनी तीही भरीनात, अशा स्थितींत १९८७ सालीं ग्रेट ब्रिटननें हा परवाना रद्द केला. जर्मनींत मात्र कुत्र्यावरील कर आजही घेतला जातो. इंग्लंडांत २०१६ पासून कुत्र्याच्या कातडीखालीं ओळखीची बारीक चकती बसविण्याची सक्ति आहे. म्हणजे पैसे गेले, नोंद राहिली.

आपल्याकडील शहरांतही पाळीव कुत्र्यासाठीं नगरसंस्थेचा परवाना काढावा लागतो. मुंबईंत त्यासाठीं कुत्र्याला पिसाळरोगाची लस दिल्याचा दाखला लागतो. ही अट योग्य आहे. परंतु परवान्याची मागणी आज ज्या तक्रारींतून होते त्यांपैकीं एका तक्रारीवर हा कागद कांहींच करूं शकत नाहीं. ती तक्रार वासाची.

वासाचा प्रश्न जुन्या मुंबईंत नव्हता, कारण कुत्रा उंबऱ्याबाहेर होता. साहेबाच्या बंगल्यांतील शिकारी कुत्र्यांना राखायला ‘डोरिया’ नांवाचा निराळा नोकर असे. त्यानंतर बंगला गेला, डोरिया गेला, आणि कुत्रा तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत येऊन गादीवर निजूं लागला. कुत्र्याच्या कातडींतून स्निग्ध द्रव्य पाझरतें. त्यावर सूक्ष्म जंतु आणि किण्व वाढतात. केंस भिजले कीं त्यांच्यापासून निघणारे वास हवेंत मिसळतात. म्हणून चार महिने ओल असणाऱ्या कोंकणपट्टींतील घरांत हा वास अधिक. कान, दांत, शेपटीखालच्या ग्रंथि यांची निगा न ठेवल्यास त्यांत भर पडते. यांतली खरी अडचण अशी कीं घरच्यांना हा वास येतच नाहीं. नाक एकाच वासांत सतत राहिलें कीं त्याची नोंद घेणें सोडून देतें. तेव्हां शेजारी ‘वास येतो’ म्हणतो तें खरें असतें, आणि धनी ‘येत नाहीं’ म्हणतो तेंही प्रामाणिक असतें. जिन्यावरचीं पुष्कळ भांडणें या दोन खऱ्यांचीं असतात! बहुमतानें ठराव करून पाळीव प्राण्यांना गृहनिर्माण संस्थेंत बंदी करतां येणार नाहीं, असें केंद्राच्या जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ मध्यें जाहीर केलें. स्वच्छतेची जबाबदारी मात्र धन्यावर ठेवली. आंघोळ, कोरडा टॉवेल, आठवड्याला धुतलेलें अंथरूण आणि पाहुण्याच्या नाकावर विश्वास ठेवण्याचा मोठेपणा, एवढेंच येथें उपयोगी पडतें.

परवान्याची कसोटी लागते ती गल्लीच्या कुत्र्यापाशीं. परवान्याच्या कागदावर धन्याच्या नांवासाठीं एकच ओळ असते, आणि दहा घरांचीं नांवें त्या ओळींत मावत नाहींत. १९९४ नंतर मुंबईंत भटके कुत्रे मारणें थांबून त्यांची नसबंदी सुरू झाली. २००१ सालीं देशभर तसे नियम झाले, आणि २०२३ सालीं त्यांची जागा घेणाऱ्या नव्या नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्याला ‘सामुदायिक प्राणी’ म्हणण्यांत आलें. त्याला खाऊं घालण्याच्या जागाही ठरवून द्याव्यात असें सांगितलें. ज्या कुत्र्याला १८३२ चा हुकूम बेवारशी म्हणत होता, त्याला कायद्यांत नांव मिळायला एकशें एक्क्याण्णव वर्षें लागलीं.

त्यानंतरही तंटा मिटला नाहीं. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्ली आणि भोंवतालच्या भागांतील भटके कुत्रे उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा हुकूम दिला. मुलांना होणाऱ्या चाव्यांची काळजी त्यामागें होती. लोक रस्त्यावर आले. २२ ऑगस्टला न्यायालयानें हुकूम बदलला: पिसाळलेले आणि हिंस्र कुत्रे सोडून इतरांना नसबंदी व लस करून ज्या गल्लींतून आणलें त्याच गल्लींत परत सोडावें, आणि त्यांना घास घालावयाचा तो नेमून दिलेल्या जागींच.