खानदेशातील ग्रामीण शाळा

खानदेशातील ग्रामीण शाळा : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील खेड्यांच्या व पाड्यांवरच्या प्राथमिक शाळा. बहुसंख्य शाळा जिल्हा परिषदेच्या आहेत. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यापासून त्यांचा कारभार तेथूनच चालतो. शिरपूर, चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील सातपुड्याच्या पट्ट्यात आणि साक्रीच्या पश्चिम भागात आश्रमशाळाही आहेत.

शाळेचे बहुतेक सारे पटावर ठरते. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे किती पदे मंजूर हे, पटावरून ठरते आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात. पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांनी सांभाळायचे. त्यांतला एक प्रशिक्षणाला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेला, की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. तालुक्याच्या गावातील इंग्रजी शाळांच्या गाड्या दाराशी येऊ लागल्या, तसा अनेक गावांचा पट उतरला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये मांडला. त्यासाठी नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळची समूहशाळा दाखवली गेली. सपाटीवरच्या गावांना हा पर्याय एक वेळ चालेल. डोंगरातल्या पाड्यांना तो परवडणारा नाही : पावसाळ्यात नाल्यांना पाणी असते आणि शाळा लांब गेली, की आधी मुलींची शाळा सुटते. प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा दंडक उगीच घातलेला नाही.

पटावर नाव असलेले मूल वर्गात असतेच असे नाही. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते आणि मुले शेतावर जातात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुलांना बरोबर घेऊन जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवण्याची योजना आहे. ते वेळेवर, म्हणजे कुटुंबे निघण्याआधी, सुरू झाले तरच मूल गावात थांबते.

घरची बोली अहिराणी, लेवा, पावरी किंवा भिल्ली आणि पुस्तक प्रमाण मराठीत, ही अडचण पहिलीतच उभी राहते. पाड्यावरच्या मुलाला तर पुस्तकातली मराठी जवळपास नवीच असते. मुलांची बोली शिकून घेणारा शिक्षक येथे मोलाचा ठरतो. मात्र त्याची बदली झाली, की हे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

या शाळांचे मोठे बळ म्हणजे गाव. मूळचे धुळ्याचे, अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने २०१६ च्या सुमारास धुळे जिल्हा परिषदेच्या सुमारे १,१०० शाळांत डिजिटल वर्ग उभे राहिले. गावकऱ्यांनी वर्गणी काढून खर्चाचा मोठा वाटा उचलला. ज्या शाळेसाठी आपण पैसा घातला, तिच्याकडे गाव लक्ष ठेवते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे हे लक्ष ठरावात व कामात उतरवण्याची सोयही कायद्यानेच केलेली आहे. पडदे आणि संच वर्गणीतून येतात. शिक्षकांची रिकामी पदे भरणे, विजेचे बिल भरणे आणि पाड्यावरची शाळा पाड्यावरच ठेवणे ही मात्र शासनाची कामे आहेत. ती गावावर टाकता येणार नाहीत.