दुसरं मत कुणाच्या पेटीत?

दोस्तहो, निवडणूक आली की नाक्यावर भांडण एकाच माणसावरून चालतं. कुणाला तो देव, कुणाला तो सैतान. त्या भांडणापायी एरवी घरी बसणाराही उठून मत टाकून येतो. पण गर्दी त्या एका माणसासाठी लोटली, तर त्याच निवडणुकीतल्या बाकीच्या उमेदवारांचं काय होतं? मुंबईनं याचा हिशेब पूर्वीच मांडून ठेवलाय. आपण तो नीट वाचला नाही.

पहिला हिशेब १९५२ चा. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडलं. मग मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून राखीव जागेवर ते उभे राहिले. आपल्या फेडरेशनचा हत्ती, आणि जोडीला सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता. समोर काँग्रेस. तिसऱ्या बाजूला कम्युनिस्टांचे डांगे.

मतदारसंघ दोन जागांचा, म्हणून प्रत्येकाच्या हातात दोन मतपत्रिका. दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. दोन्ही पत्रिका एकाच पेटीत टाकल्या की एक बाद. याला म्हणायचे मत कुजवणं. आपल्या माणसाला मत द्यायचं आणि दुसरं दलित उमेदवाराला जाऊ द्यायचं नाही, याची ही सोपी युक्ती. डांगे आणि इतरांनी मतं कुजवायचा प्रचार केला, असा आरोप करून बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणूक-अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला.

आकडे मात्र कुणाला फेटाळता येत नाहीत. काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१ चा. आणि बाद झालेली मतं सत्तर हजारांच्या वर! ती सगळी आपलीच होती असं म्हणणं खोटेपणा होईल. पण त्यातलं चारातलं एक जरी हत्तीच्या पेटीत पडतं, तरी राज्यघटनेचा शिल्पकार लोकसभेत बसला असता. लोक मतदानाला आले होते. दोन्ही पत्रिका त्यांच्या हातात होत्या. दुसरी कुजली.

दुसरा हिशेब १९५७ चा. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन झालं. फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या, लालबाग-परळात चालल्या, शंभरावर माणसं गेली. मोरारजी देसाईंचं नाव काढलं की गिरणगाव पेटायचं. १९५६ च्या नोव्हेंबरात मोरारजी दिल्लीला गेले, यशवंतराव मुख्यमंत्री झाले, तरी राग विझला नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. तीन महिन्यांत निवडणूक आली, लोकसभेची आणि विधानसभेची एकदमच.

या वेळी फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत होतं. दुसरं मत कुणाला, हे आधीच ठरलेलं होतं. मुंबई शहर मध्य या दोन जागांच्या मतदारसंघातून कोण निवडून आले? डांगे आणि आपले जी. के. माने. तेच डांगे! नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे. १९५२ ला देशभरात फेडरेशनचे खासदार दोन होते, १९५७ ला सहा झाले.

पाच वर्षांत वस्तीतली अस्पृश्यता संपली होती काय? नाही. फरक एवढाच, की रागाला एक नाव मिळालं होतं आणि मतांची वाटणी आधी बोलून झाली होती.

मग १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळाला. राग निवला. १९६१ च्या कायद्यानं दोन जागांचे मतदारसंघही गेले. १९६२ ला महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार लोकसभेत गेला नाही. डांगेही पडले. लाट दुसऱ्याची होती, ती जाताना आपल्या जागाही घेऊन गेली.

जानेवारी १९७४ ला मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीत पँथरनं तिसरी वाट धरली. मतच द्यायचं नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत सभेवर हल्ला झाला, दंगल पेटली, परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. आपल्या गैरहजेरीचीही किंमत असते हे त्या दिवशी मुंबईला कळलं. पण निवडून आलेला माणूस आपला नव्हता, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दूर अमेरिकेतही हेच. २०२० ला ट्रम्पवरून तो देश उभा दुभंगला. सुमारे ६६ टक्के लोकांनी मत दिलं, १९०० नंतर एवढं कधी झालं नव्हतं. ट्रम्प हरले. पण त्याच दिवशी काँग्रेसच्या खालच्या सभागृहात त्यांच्याच पक्षाच्या जागा वाढल्या. भांडण दोन्ही बाजूंची माणसं घराबाहेर काढतं, आणि खालची मतं खालच्या कार्यकर्त्यांनी राखलेली असतात.

तेव्हा दोस्तहो, युतीचे पुढारी वस्तीत आले की वरच्या नावाच्या घोषणा मागून देऊ. आधी विचारू: आमची मतं तुमच्या पेटीत पडणार, तुमची आमच्या पेटीत कोण पाडणार? कुठल्या चाळीत, कुठल्या बूथवर, तुमचा कोण माणूस उभा राहणार? त्याचं नाव सांगा. नाव नसेल तर १९५२ झालं असं समजा.