पहारेकरी आणि सरकारी वकील

फ्लोरिडाच्या मध्यभागी, मन्रो सरोवराच्या काठी असलेले सॅनफर्ड हे नगर हेन्री सॅनफर्ड नावाच्या एका अमेरिकन मुत्सद्द्याने १८७० च्या सुमारास विकत घेतलेल्या जमिनीवर उभे राहिले, आणि पुढे सेलरी या भाजीच्या पिकामुळे त्याचा लौकिक दूरवर पसरला. परंतु ज्यांच्या श्रमांवर या नगराचा व्यापार पोसला गेला त्या कृष्णवर्णीय मजुरांनी १८९१ साली लगतच गोल्ड्सबरो नावाचे आपले स्वतंत्र नगर स्थापून त्याची रीतसर सनद मिळवली असता, अवघ्या वीस वर्षांत, १९११ साली, ती सनद काढून घेण्यात आली आणि ते नगर सॅनफर्डच्या हद्दीत विलीन करण्यात आले. १९४६ साली जॅकी रॉबिन्सन हा पुढे विख्यात झालेला बेसबॉलपटू सरावासाठी येथे आला, तेव्हा कृष्णवर्णीयाने गोऱ्या खेळाडूंच्या मेळ्यात वावरणे स्थानिक लोकांना सहन न होऊन त्याला हे गाव सोडावे लागले. हा पूर्वेतिहास २६ फेब्रुवारी २०१२ च्या रात्रीच्या घटनेचे कारण म्हणून पुढे करणे अन्यायाचे होईल. पण तो ठाऊक नसेल तर त्या घटनेनंतर पोलिसांच्या शब्दावर विश्वास ठेवायला हजारो माणसे का तयार झाली नाहीत, हे कधीच उमगणार नाही.

त्या रात्री पाऊस पडत होता. भोवती कुंपण आणि दाराशी फाटक असलेल्या एका वसाहतीत वडिलांबरोबर पाहुणा म्हणून आलेला ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून खाऊ आणि फळांच्या रसाचे पेय घेऊन परतत असताना, वसाहतीच्या पहारा-मंडळाचा स्वयंसेवक जॉर्ज झिमरमन याला त्याचा संशय आला. त्याने पोलिसांना दूरध्वनी केला, त्याच्या मागावर निघाला, आणि मागे जाण्याची गरज नाही असे पलीकडून सांगितले गेल्यावरही पुढच्या काही मिनिटांत दोघांची गाठ पडून झटापट झाली व झिमरमनच्या परवान्याच्या पिस्तुलातून सुटलेल्या गोळीने तो मुलगा जागीच मेला. झिमरमनच्या नाकाला आणि डोक्याला जखमा होत्या. आपण जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली अशी त्याची कैफियत होती. पोलिसांनी त्याची जबानी घेतली आणि त्याला घरी जाऊ दिले.

येथून पुढे जो वाद पेटला तो वरकरणी एका माणसाच्या अटकेचा होता, आणि थोड्याच काळात तो एका सरकारी वकिलाच्या वर्तनाचा झाला. वस्तुतः मात्र त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना होता. शस्त्रधारी नागरिकाने आत्मरक्षणाच्या नावाने केलेल्या मनुष्यवधाचा जाब कोणी, कोठे आणि कोणासमोर द्यावा, हा तो प्रश्न.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८५ साली केलेला विंचेस्टरचा कायदा रात्रीच्या पहाऱ्याचा मूळपुरुष मानला जातो. उन्हाळ्याच्या महिन्यांत सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शहराच्या प्रत्येक वेशीवर सहा माणसे, मध्यम गावात बारा, आणि खेड्यात वस्तीच्या मानाने चार किंवा सहा माणसे पहाऱ्याला असावीत, असा त्याचा दंडक होता. पंधरा ते साठ वर्षे वयाच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगावे असेही त्यात फर्मावले होते. म्हणजे शस्त्र हा तेथे हक्क नव्हता, राजाने रयतेवर लादलेले काम होते. पण या कायद्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, रात्री परका वाटसरू आढळला तर पहारेकऱ्याने त्याला सकाळपर्यंत अडकवून ठेवावे, संशयास्पद काही न दिसल्यास सोडून द्यावे, आणि दिसल्यास शेरीफ या राजाच्या अंमलदाराच्या हवाली करावे, एवढाच अधिकार पहारेकऱ्याला होता. अनोळखी माणसाविषयीचा निवाडा त्याच्या हाती नव्हता. त्याने माणूस धरायचा आणि सकाळी तो वरिष्ठाकडे पोचवायचा.

त्याच काळात आत्मरक्षणासाठी झालेल्या मनुष्यवधालाही कायदा सहजासहजी माफी देत नसे. १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्यानुसार, स्वतःचा जीव वाचवताना दुसऱ्याचा जीव घेणाऱ्यालाही फिरते न्यायाधीश येईपर्यंत कैदेत राहावे लागे, पंचांसमोर उभे राहावे लागे, आणि पंचांनी ती आत्मरक्षा होती असे म्हटले तरी सुटका राजाच्या माफीनेच होई. शिवाय त्याच्या मालमत्तेवर जप्ती येई, व ही जप्तीची तरतूद औपचारिकपणे १८२८ पर्यंत कायद्यात राहिली. आजच्या वाचकाला ही व्यवस्था क्रूर वाटेल, आणि ती काही अंशी होतीही. परंतु तिच्या तळाशी असलेले तत्त्व मला मोलाचे वाटते: मनुष्य मेला आहे, तेव्हा मारणारा निर्दोष असला तरी त्याची निर्दोषता चव्हाट्यावर, चौकशीतून, ठरली पाहिजे.

हा वारसा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला आणि तेथे त्याला दोन वेगळ्या फांद्या फुटल्या, त्या योगायोगाने एकाच वर्षी. १७०४ साली दक्षिणेकडील कॅरोलिना वसाहतीने गुलामांवर नजर ठेवणाऱ्या गस्ती-पथकांचा कायदा केला. हातात शस्त्र दिलेले गोरे शेतमालक घोड्यावरून रस्तोरस्ती फिरत, कोणत्याही कृष्णवर्णीयाला थांबवून त्याच्याजवळ मालकाची चिठ्ठी आहे की नाही हे तपासत, आणि नसेल तर जागेवरच चाबकाची शिक्षा देत. विंचेस्टरच्या पहारेकऱ्याला जो निवाडा करायचा नव्हता तो येथे गस्तवाल्याच्या हाती आला, आणि परका म्हणजे कोण हे माणसाच्या कातडीवरून ठरू लागले. त्याच १७०४ साली उत्तरेकडील कनेक्टिकट वसाहतीने ठरवले की प्रत्येक परगण्यात एक संयमी, विवेकी आणि धर्मशील गृहस्थ नेमून त्याने राणीच्या वतीने गुन्हेगारांवर फिर्याद चालवावी. इंग्लंडात फिर्याद लावणे हे एकोणिसाव्या शतकातही बहुतांशी पीडिताचे किंवा त्याच्या नातलगांचे खाजगी काम होते. अमेरिकेने ते फार आधी समाजाचे काम मानले, ही त्या देशाची न्यायशास्त्राला दिलेली खरी देणगी होय. सॅनफर्डच्या प्रकरणात शेवटी या दोन फांद्या समोरासमोर आल्या.

पुढे सरकारी वकिलाच्या पदाला निवडणुकीचे वळण लागले. १८३२ साली मिसिसिपीने हे पद लोकांच्या मतांवर सोपवले आणि हळूहळू बहुतेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. फ्लोरिडात आज वीस न्यायमंडळे आहेत आणि प्रत्येकाचा राज्य-वकील दर चार वर्षांनी मतदारांपुढे उभा राहतो. अमुक माणसावर खटला भरावा की नाही, कोणत्या कलमाखाली भरावा, याबाबत त्याची मुख्त्यारी जवळजवळ निरंकुश असते. खटला न भरण्यासाठी त्याला कोणत्याही न्यायाधीशाची परवानगी लागत नाही.

आत्मरक्षणाचा कायदाही त्याच शतकात बदलला. शक्य असेल तर आधी माघार घ्यावी, ही इंग्रजी शिकवण ओहायोच्या न्यायालयाने १८७६ साली आणि इंडियानाच्या न्यायालयाने १८७७ साली नाकारली. सच्च्या मर्दाने हल्लेखोरापुढून पळणे अमेरिकन वृत्तीला साजेसे नाही, असा त्यामागील भाव होता. १८९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हार्लन यांनी स्वतःच्या आवारात उभ्या असलेल्या माणसावरून माघारीचे बंधन उठवले, आणि १९२१ साली तेथेच न्यायमूर्ती होम्स यांनी माघार न घेणे हा दोषाचा पुरावा नसून विचारात घ्यावयाची एक बाब आहे असे ठरवले. तरीही फ्लोरिडासारख्या अनेक राज्यांत घराबाहेर माघारीचे कर्तव्य टिकून होते.

ते २००५ साली संपले. आदल्या वर्षीच्या चक्रीवादळानंतर आपल्या मोडक्या घरापाशी फिरत्या वाहनात राहणाऱ्या एका वृद्धाने आत शिरलेल्या माणसाला गोळी घातली होती. त्याच्यावर खटला भरला गेला नाही, पण तो निर्णय घ्यायला सरकारी वकिलाच्या कचेरीने काही महिने लावले, आणि सज्जन माणसाला असे टांगते ठेवणे हाच अन्याय आहे, असे नव्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी विधिमंडळात मांडले. नव्या कायद्याने माणसाला जेथे असण्याचा अधिकार आहे तेथे ठाम उभे राहून प्राणघातक बळ वापरण्याची मुभा दिली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असे बळ कायदेशीरपणे वापरणाऱ्याला शिक्षेपासूनच नव्हे तर अटक आणि आरोपापासूनही संरक्षण दिले. विंचेस्टरच्या आणि ग्लॉस्टरच्या कायद्यांनी जो जाब अनिवार्य केला होता, तो सुरू होण्याआधीच थांबवण्याची ही तजवीज होती. सॅनफर्डच्या पोलिसांनी अटक न करण्याचे जे कारण दिले ते हेच.

सुमारे सहा आठवडे झिमरमन मोकळा राहिला. देशभर मोर्चे निघाले, सॅनफर्डच्या पोलीसप्रमुखाला बाजूला व्हावे लागले, स्थानिक राज्य-वकील नॉर्मन वोल्फिंगर यांनी प्रकरण सोडले, आणि राज्यपाल रिक स्कॉट यांनी २२ मार्च रोजी जॅक्सनव्हिलच्या राज्य-वकील अँजेला कोरी यांची नेमणूक केली. कोरी यांनी, आरोप ठेवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, म्हणजे ग्रँड ज्यूरीसमोर, न जाता ११ एप्रिलला स्वतःच्या अधिकारात दुसऱ्या प्रतीच्या खुनाचा आरोप ठेवला.

त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी जी टीका झाली ती वाचताना मन अस्वस्थ होते. हार्वर्डचे प्राध्यापक ॲलन डर्शोविट्झ यांनी आक्षेप घेतला की आरोपासोबतच्या प्रतिज्ञालेखात आरोपीच्या जखमांचा उल्लेखही नाही, आणि न्यायाधीशापुढे अर्धे सत्य ठेवणे हा दोष आहे. हा आक्षेप मला संपूर्णपणे योग्य वाटतो. सरकारी वकिलाचे काम जिंकणे हे नव्हे, आणि प्रतिकूल गोष्ट लपवणारा फिर्यादी त्या पदाच्या मूळ अटीच मोडतो. दुसऱ्या प्रतीच्या खुनासाठी द्वेषयुक्त मनःस्थिती सिद्ध करावी लागते. हाती असलेल्या पुराव्यावर सदोष मनुष्यवधाचाच आरोप मुख्य ठेवला असता तर तो अधिक प्रामाणिक ठरला असता. उलट बाजूने, जमावाच्या दडपणाखाली खटला भरला असा जो आरोप झाला तो मला मान्य नाही. मोर्चांनी शिक्षा मागितली असेल, पण त्यांना मिळाला तो खटला. आणि निःशस्त्र मुलाच्या मृत्यूवर उघड न्यायालयात साक्षी व्हाव्यात ही मागणी जमावाची असली तरी न्याय्यच होती.

१३ जुलै २०१३ रोजी सहा स्त्रियांच्या ज्यूरीने झिमरमनला निर्दोष ठरवले. आत्मरक्षा नव्हती हे निःसंशयपणे सिद्ध करण्याचा भार अभियोगावर होता, झटापटीची सुरुवात स्वच्छ पाहिलेला साक्षीदार नव्हता, आणि दुसरा साक्षीदार मेलेला होता. या निकालाने कोरी हरल्या असे म्हणणाऱ्यांना खटल्याचा अर्थच कळला नाही. त्यांची खरी कसोटी जॅक्सनव्हिलमधल्या दुसऱ्याच प्रकरणात लागली: नवऱ्याच्या मारहाणीच्या भीतीने भिंतीच्या दिशेने गोळी झाडणाऱ्या, कोणालाही इजा न केलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला त्यांच्या कचेरीने २०१२ साली वीस वर्षांची शिक्षा मिळवून दिली. वरिष्ठ न्यायालयाने ती पुढच्या वर्षी रद्द केली. ठाम उभे राहण्याचा हक्क एकाला सुरुवातीला अटकेपासून वाचवतो आणि दुसरीला मात्र तुरुंगापासून वाचवत नाही, हे लोकांनी पाहिले. आणि २०१६ साली स्वतःच्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच मतदारांनी कोरी यांना घरी बसवले.

आपल्याकडील कायदाही त्याच इंग्रजी मुळापासून आला आहे, पण मेकॉलेच्या आयोगाने त्याला वेगळे वळण दिले. १८६० च्या दंडसंहितेने खाजगी संरक्षणाचा हक्क उदारपणे मान्य केला, तरी सरकारी अंमलदारांकडे धाव घ्यायला वेळ असेल तेथे तो हक्क नाही, हे ९९ व्या कलमात स्पष्ट केले. पोलिसांशी दूरध्वनीवर बोलत असतानाच पाठलाग करणाऱ्या पहारेकऱ्याला हे कलम आडवे आले असते. सातारचे सुपुत्र न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जय देव खटल्यात लिहिले ते याच विवेकाने: भयग्रस्त माणसाचे वर्तन सोनाराच्या काट्याने तोलू नये, पण धोका टळल्यावर पळणाऱ्यांवर गोळी झाडणाऱ्याला तो हक्क उरत नाही. आणि येथे सरकारी वकिलाला उभा खटला मागे घ्यायचा झाल्यास न्यायालयाची संमती लागते.

सॅनफर्डनंतर आठ वर्षांनी जॉर्जिया राज्यात धावायला निघालेल्या अहमद आर्बरी या तरुणाचा तिघा गोऱ्यांनी वाहनांतून पाठलाग केला आणि त्यांतील एकाने त्याला गोळी घातली. पहिल्या सरकारी वकिलाने प्रकरण सोडले, दुसऱ्याने अटकेस कारण नाही असे लेखी कळवले, आणि चित्रफीत बाहेर आल्यावरच, दोन महिन्यांहून अधिक काळाने, अटक झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघेही दोषी ठरले. जॉर्जियाने त्याच वर्षी नागरिकांना अटकेचा अधिकार देणारा १८६३ चा कायदा रद्द केला. फ्लोरिडाने मात्र २०१७ साली उलट दिशा धरली: आत्मरक्षेचे संरक्षण मागणाऱ्यावर खटल्याआधीच्या सुनावणीत असलेला सिद्धतेचा भार काढून तो सरकारी वकिलावर टाकला, आणि त्या कायद्यावर सही केली ती कोरी यांची नेमणूक करणाऱ्या रिक स्कॉट यांनीच.