इलाख्यातून सिंध सुटला तेव्हा

भाईंदर सोडून विरारकडे निघालेली लोकल लगेच खाडीच्या पुलावर चढते. खाली वसईची खाडी, मधे पाणजू बेट. हे पाणी उल्हास नदीचे. तिच्याच वरच्या अंगाला, कल्याणजवळ, उल्हासनगर आहे. सिंधमधून उठून आलेल्या माणसांचे हे गाव. त्याची गोष्ट लोक १९४७ पासून सांगतात; खरे तर ती मुंबई इलाख्याच्या फाळणीपासून सांगायला हवी.

वंगभंग मराठी वाचकाला पाठ आहे. कर्झनने १९०५ मध्ये बंगाल तोडला, टिळकांनी रान उठवले, १९११ मध्ये सरकारने माघार घेतली. सिंध वेगळा होऊन आपला स्वतःचा इलाखा १ एप्रिल १९३६ रोजी तुटला, याची मात्र आपल्याकडे आठवणही उरलेली नाही. ही विस्मृती खटकते.

तालपूर मीरांचा मियाणीला पराभव करून नेपियरने १८४३ मध्ये सिंध घेतला आणि १८४७ मध्ये तो मुंबईला जोडला गेला. पुढची ८९ वर्षे खाडीकाठचे भाईंदर आणि सिंधूकाठचे सक्कर एकाच इलाख्यात होते. मधे कच्छ-काठेवाडची संस्थाने, त्यामुळे कराचीला जायचे ते बहुधा आगबोटीने. सांधा पहिल्यापासून कच्चाच होता. गव्हर्नरचे बरेचसे अधिकार १८६८ च्या कायद्याने सिंधच्या कमिशनरकडे गेले होते आणि मुंबई हायकोर्टाचा अंमल तिथे चालत नव्हता. पण कॉलेजे मुंबई विद्यापीठाची होती. कराचीत १८५५ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या सरकारी शाळेला पुढे नाव मिळाले ते नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे.

वेगळ्या सिंधची मागणी आधी केली एका हिंदू पुढाऱ्याने. १९१३ च्या कराची काँग्रेसचे स्वागताध्यक्ष हरचंदराय विशिनदास यांनी सिंधची भूमी आणि संस्कृती वेगळी असल्याचे मांडले होते. मुस्लिम पुढारी गुलाम महंमद भुरग्री त्यांच्या बरोबरीने काम करणारे. तेव्हा हा प्रश्न सगळ्या सिंध्यांचा होता.

दहा-बारा वर्षांत सूर बदलला. सिंधमध्ये मुसलमान जवळजवळ तीन चतुर्थांश. हिंदू थोडे, पण व्यापार, सावकारी आणि सरकारी नोकऱ्यांत पुढे. मुंबईशी जोडलेले राहिलो तर बहुसंख्येत, तुटलो तर अल्पसंख्य, हा हिशेब हिंदू पुढाऱ्यांनी मांडला. मुस्लिम जमीनदारांनी तोच हिशेब उलट बाजूने केला. १९२८ च्या नेहरू अहवालाने अटी घालून होकार दिला, १९२९ मध्ये जीनांच्या चौदा मुद्द्यांत सिंध आला, आणि मग लंडनच्या गोलमेज परिषदेत वाद रंगला तो पैशांवर. सक्करचे धरण १९३२ मध्ये सुरू झाले होते. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिलेले, आणि त्यासाठी काढलेले कर्ज मोठे. नवा प्रांत ते फेडणार कसे? शेवटी केंद्राच्या अनुदानावर गाडे पुढे सरकले. माणसांच्या मनातल्या भीतीची तरतूद कोणत्याच अंदाजपत्रकात नव्हती.

नव्या प्रांताचे पहिले गव्हर्नर लॅन्सेलॉट ग्रॅहम. १९३७ मध्ये विधानसभा भरली, पण तिला स्वतःची इमारत नव्हती. आमदार बसले ते नारायण जगन्नाथ शाळेच्या वास्तूत. मुंबईपासून सुटलेल्या सिंधचा कारभार एका मराठी माणसाच्या नावाच्या छताखाली सुरू झाला. याच विधानसभेने ३ मार्च १९४३ रोजी जी. एम. सय्यद यांनी मांडलेला पाकिस्तानच्या बाजूचा ठराव मंजूर केला.

सिंध १९४७ साली मुंबई इलाख्यातच असता, तर त्याचीही पंजाब-बंगालसारखी वाटणी झाली असती का, हा प्रश्न सिंधी घरांत आजही निघतो. सिंध अखंड गेला. तिथले हिंदू आगबोटींनी मुंबईला उतरले आणि हजारोंची रवानगी कल्याणच्या रिकाम्या लष्करी छावणीत झाली. एकेका बराकीत कित्येक कुटुंबे. मधे गोणपाट किंवा साडी बांधून केलेली खोली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीला नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. एकेकाळी भाईंदर आणि सक्कर ज्या इलाख्यात होते, त्याच इलाख्याच्या ठाणे जिल्ह्यात ही माणसे आता निर्वासित म्हणून नोंदवली गेली.