हायडलबर्गचे सुवर्ण

वैयक्तिक क्रीडाप्रकारात भारताला पहिले सुवर्णपदक कोणी मिळवून दिले, या प्रश्नाचे स्पर्धापरीक्षांतले उत्तर ठरलेले आहे: अभिनव बिंद्रा, बीजिंग, २००८. प्रश्नात ‘ऑलिंपिक’ हा शब्द असेपर्यंत ते अचूकही आहे. मात्र त्याच्या ३६ वर्षे आधी सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर जर्मनीतील हायडलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले होते. ते सुवर्णपदक होते आणि जागतिक विक्रमही. मग ही गोष्ट मराठी माणसाला इतकी वर्षे ठाऊक का नसावी? केवळ अनास्था म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल असे आम्हांला वाटत नाही. हे पदक कोणत्या कप्प्यात ठेवायचे, हेच त्या काळाला कळले नव्हते.

या स्पर्धांचा उगम रुग्णालयात आहे. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला गेलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग उभारला. अशा रुग्णांचे आयुष्य फार नसते, अशी तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. गुटमननी त्यांच्या हाती धनुष्य दिले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टॉकहोममधल्या एका पुनर्वसन केंद्रात काहींना आइस हॉकी सोडवेना. त्यांनी बसून घसरण्याची गाडी बनवली आणि आज बर्फावरील अपंगांची हॉकी म्हणून ज्याची जागतिक स्पर्धा होते तो खेळ निघाला. उपचारासाठी सुरू झालेले खेळ चुरशीचे झाले. पाहणाऱ्यांच्या लेखी मात्र ते उपचारच राहिले.

पेटकरांची वाटही रुग्णालयातूनच गेली. ते सैन्याच्या ईएमई दलात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली अधू झाले आणि उपचारातून पोहण्याकडे वळले. १९७२ ची स्पर्धा खरे तर म्युनिकला व्हायची. पण तिथल्या क्रीडाग्रामाची घरे खासगी निवासासाठी देण्याचे ठरल्याने ती हायडलबर्गला गेली. ज्या देशातून गुटमनना परागंदा व्हावे लागले, त्याच देशात त्यांची स्पर्धा आली आणि तिथेही तिला मुख्य अंगणात जागा मिळाली नाही! ‘पॅरालिंपिक’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली ती १९८४ मध्ये. म्हणजे पेटकर जिंकले तेव्हा त्यांच्या विजयाला सर्वमान्य नावच नव्हते. ज्याला नाव नाही त्याची नोंद कोणत्या रकान्यात होणार?

नाव मिळाल्यानंतरही ओळख उशिरानेच आली. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. जून २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार. त्याच समारंभात सांगली जिल्ह्याचेच सचिन खिलारी यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकले होते. एकाला काही महिन्यांत, दुसऱ्याला ५२ वर्षांनी. (शेजारच्या सातारा जिल्ह्यातील खाशाबा जाधव धडधाकट होते, तरी त्यांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तरच मिळाला, हेही विसरता येत नाही. तेव्हा सारा दोष अपंगत्वाकडे पाहण्याच्या दृष्टीवर टाकणे फार सोपे होईल.)

नाव बदलल्याने काय बदलते आणि काय तसेच राहते, हा प्रश्न आम्हां धाराशिवकरांना नवा नाही; २०२३ मध्ये उस्मानाबाद कागदोपत्री धाराशिव झाले. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ त्याच्या थोडे आधी झाले. पण आमच्या जिल्ह्याचा गुटमनशी एक अधिक जवळचा संबंध आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप लातूरइतकाच आमच्या उमरगा-लोहारा भागावर कोसळला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर पडल्या. वाचलेल्यांत मणका दुखावून पाय गेलेली माणसेही होती. स्टोक मँडेव्हिलचा विभाग ज्यांच्यासाठी निघाला, नेमकी तशी. त्या भूकंपाविषयी जे लिहिले गेले त्यात मृतांचे आकडे आहेत, पुनर्वसित गावांचे आराखडे आहेत, अनाथ मुलांच्या कथा आहेत. खाटेवर किंवा चाकाच्या खुर्चीत पुढची तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्यात क्वचितच जागा मिळते, आणि मिळते तेव्हाही करुणेपुरती. पाण्यात उतरून घड्याळाशी झगडणारा माणूस म्हणून त्याची कल्पना आमच्या कथाकारांनी केली नाही. त्या पहाटे दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. सास्तूर, होळी या गावांत जाऊन त्यांच्याशी बोलणे महाविद्यालयातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला एसटीच्या एका दिवसात जमण्यासारखे आहे.