माईसाहेब, इन्सुलिन आणि आमची १६० फुटांची खोली

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी हा एपिसोड लिहून टाकतोय.

आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० स्क्वेअर फूट, १९२० च्या दशकात ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेली. दार दिवसभर उघडं. पप्पांना चौदा वर्षं शुगर आहे. गेल्या वर्षी ते बोलायचे कमी झाले, मग इन्सुलिनला टाळाटाळ सुरू. मी पडलो इंजिनिअर. रीडिंगचं एक्सेल शीट केलं, ग्राफ काढला. पप्पा म्हणाले, "हे तुझ्याकडेच ठेव."

मम्मी काय करत होती, ते मला दिसतच नव्हतं. कुणी पेढे घेऊन आलं की ती दारातच अडवायची, "झोपलेत" म्हणायची. गॅलरीत कुजबुज सुरू झाली: हिने नवऱ्याला कोंडून ठेवलंय.

ते ऐकलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. हेच बाबासाहेबांच्या घरातही झालं होतं की!

१९४७-४८ चा काळ. घटनेचा मसुदा चाललेला आणि बाबासाहेबांना मधुमेह, पायांत असह्य कळा, रात्र रात्र झोप नाही. रमाई १९३५ मध्येच गेलेल्या. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकरांकडे उपचार चालायचे, तिथेच डॉ. शारदा कबीर काम करायच्या. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत दोघांचं लग्न झालं. शारदाच्या सविता झाल्या, लोकांच्या माईसाहेब. पथ्य, औषधं, भेटायला येणाऱ्यांच्या वेळा, सगळं त्यांच्याकडे आलं. स्वतःची डॉक्टरकी एका पेशंटपुरती उरली.

पण गोळी आणि पथ्य एवढ्यावर भागत नाही. हिंदू कोड बिल अडलं, १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात निवडणूक हरले. नानकचंद रत्तू सरकारी नोकरी सांभाळून त्यांच्याकडे टायपिंगला यायचे. १९५६ मध्ये बाबासाहेब खिन्न असायचे, कधी रडायचेही, असं त्यांनी लिहून ठेवलंय. जुलैअखेर रत्तूंनी धीर करून कारण विचारलं. काम अर्धवट राहिलं, शिकलेली माणसं स्वतःपुरतं बघायला लागली, असं त्यांचं दुःख बाहेर आलं. मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते रत्तूंचं विचारणं. हातात इलाज नव्हता, तरी विचारलं.

मधुमेहासोबत जगण्याचा मनावरचा ताण मोजणारी प्रश्नावली अमेरिकेत १९९५ मध्ये आली. 'डायबिटीस डिस्ट्रेस' म्हणतात त्याला. म्हणजे १९५६ मध्ये या दुखण्याला हे नावसुद्धा नव्हतं.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि संशय माईसाहेबांवर आला. जेवण त्या बघायच्या, भेटी त्या ठरवायच्या, शिवाय जन्माने ब्राह्मण. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. 'बुद्ध अँड हिज धम्म'साठी १५ मार्च १९५६ ला लिहिलेल्या प्रस्तावनेत आपण जगलो त्याचं श्रेय बाबासाहेबांनी बायकोला आणि मालवणकरांना दिलं होतं. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावनाच आली नाही.

माईसाहेबांचं सगळं बरोबर होतं, असं माझं म्हणणं नाही. जवळच्या कार्यकर्त्यांना भेट मिळत नसेल तर राग येणारच. पण दार सांभाळणारं माणूस बाहेरून नेहमी वाईटच दिसतं.

मीही मग एका रविवारी लॅपटॉप बंद करून विचारलं, "पप्पा, काय होतंय?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "टॉवरमध्ये पाचशे फूट देतील रे. पण दार लावून बसायचं. गॅलरीत कोण येणार?" शुगरच्या डॉक्टरांना हे सांगितलं, त्यांनी काउन्सेलरकडे पाठवलं. तीनदा जाऊन आलोय. चौथ्या वेळी पप्पा नको म्हणाले, बघू.

मम्मी परवा माहेरी गेलीय, किती वर्षांनी एकटी. इन्सुलिन मीच देतो. पप्पा म्हणतात, माझा हात जड आहे.